आक्षेप घेणाऱ्याचं काय?

मध्ययुगीन ख्रिस्ती विचार म्हटला की आम्हा गोवेकरांना आधी इन्क्विझिशन आठवतं. त्यात नवल नाही. मधली चार वर्षं सोडली तर १५६० ते १८१२ पर्यंत ते इथे होतं. त्यामुळे आपण एक सोपं समीकरण मांडून मोकळे होतो : श्रद्धा आली की बुद्धी गेली. कॉलेजात असताना माझंही हेच मत होतं. पुढे वाचत गेलो तसं ते बदलावं लागलं.

अन्सेल्म हा नॉर्मंडीतल्या बेकच्या मठातला संन्यासी. १०७७-७८ च्या सुमारास त्याने ‘प्रोस्लोगियन’ लिहिलं. ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो देव. तो नुसता मनातच असेल तर प्रत्यक्षात असणारा त्याहून थोर ठरेल. म्हणून देव आहेच, असा त्याचा युक्तिवाद. गॉनिलो नावाच्या दुसऱ्या संन्याशाने विचारलं, सर्वोत्तम बेटाची कल्पना केली म्हणून ते बेट खरोखर असतं का? अन्सेल्मने उत्तर तर दिलंच, शिवाय गॉनिलोचा आक्षेपही आपल्या पुस्तकासोबत नकलून घ्यायला सांगितला. किती जणांना जमेल हे?

तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस त्याच्याही पुढे गेला. ‘सुम्मा थिओलोजिए’ या ग्रंथात तो प्रत्येक प्रश्नाला आधी विरुद्ध बाजूचे मुद्दे मांडतो, मग स्वतःचं मत. जग अनादि आहे असं ॲरिस्टॉटल म्हणतो, त्याला आरंभ आहे असं बायबल. थॉमस बायबल मानतो, पण सांगतो की हा आरंभ बुद्धीने सिद्ध करता येत नाही. लंगड्या पुराव्यांनी तो सिद्ध करायला जाल तर लोक आपल्या श्रद्धेलाच हसतील, असा इशाराही देतो. १२७७ साली पॅरिसच्या बिशपने २१९ मतं निषिद्ध ठरवली, त्यांतली काही थॉमसच्या मतांशी जुळणारी होती. तोवर त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. १३२३ मध्ये त्याच चर्चने त्याला संत केलं.

इथवर वाचून मी खूश होतो. पण त्याच ‘सुम्मा’मध्ये थॉमस असंही म्हणतो की वारंवार समजावूनही न बधणाऱ्या पाखंड्याला देहदंड देणं योग्य आहे. आणि हे तो कारणं देऊन, शांतपणे, आक्षेप मांडून पटवतो! तिथे मी थबकलो.

म्हणजे बुद्धीची वाण नव्हती. प्रतिपक्षाला ग्रंथात मानाचं पान होतं, गावात मात्र जगायला जागा नव्हती. श्रद्धा आणि बुद्धी यांचं जमतं की नाही हा वाद म्हणूनच मला आता दुय्यम वाटतो. दोघींचं छान जमूनही माणूस जाळला जाऊ शकतो. कुठलाही धर्म असो की विचारसरणी, मी आता एवढंच पाहतो : आक्षेप घेणारा संध्याकाळी सुखरूप घरी पोचतो ना?