आरोग्यचर्चा : राखून ठेवलेलें औषध

यवतमाळ जिल्ह्यांतील एका भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या थोरल्या दिरांस तोंडाचा कर्करोग झाला असून (खर्ऱ्याचें हें फळ वऱ्हाडांत आतां नवें राहिलें नाहीं) नागपुरास डॉक्टरांनीं मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. परंतु मामंजी म्हणतात, "आतांच सवय लावूं नका, अखेरीस कांहीं तरी शिल्लक पाहिजे." गोळ्या कपाटांत आहेत आणि कण्हणें ऐकत सारें घर रात्रभर जागें असतें.

मामंजींची भीति पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. रडणाऱ्या मुलांस अफूची बाळगोळी देऊन निजविण्याची चाल आपल्याकडे फार दिवस होती, आणि मॉर्फिन हा अफूचाच अर्क. व्यसनाचा धोका मुळींच नाहीं असेंहि नाहीं. पण मात्रा अंगवळणी पडणें, औषध एकाएकीं सोडल्यास घाम, जुलाब व तळमळ होणें आणि औषधाची अनावर हांव सुटणें या तीन गोष्टी एक नव्हेत. कर्करोगाच्या वेदनेसाठीं डॉक्टरांच्या देखरेखीखालीं औषध घेणाऱ्यांत तिसरी क्वचितच आढळते.

मॉर्फिन मेंदूंत जेथें जाऊन बसतें त्या जागा 1973 सालीं प्रयोगानें दाखविल्या गेल्या. 1975 सालीं स्कॉटलंडमधील ह्यूजेस व कॉस्टरलिट्झ यांनीं त्याच जागीं बसणारें, शरीर स्वतःच तयार करीत असलेलें वेदनाशामक शोधून काढलें. औषध वारंवार येऊं लागलें कीं पेशी ती जागा बधिर करून टाकते. या कामीं तिला एका प्रथिनाचें साह्य होतें. 2000 सालीं अमेरिकेंत असें दिसून आलें, कीं हें प्रथिन नसलेल्या उंदरांस मॉर्फिन अंगवळणी पडलें नाहीं. मात्र औषधाचा अंमल तोडतांच तळमळ त्यांनाहि झाली. म्हणजे पहिल्या दोन गोष्टीहि परस्परांहून निराळ्याच. आपल्या वैद्यकांतील 'ओकसात्म्य' ही कल्पना, आणि जडलेली संवय पावापावानें सोडविण्याचा चरकांचा क्रम, येथें कोणासहि आठवेल. मॉर्फिनहि सोडावयाचें तर असेंच हळूहळू सोडवितात.

आतां मुख्य मुद्दा. या औषधाच्या मात्रेस ठराविक कमाल मर्यादा नाहीं. दुखणें वाढलें तर डॉक्टर ती बेताबेतानें वाढवूं शकतात. आज घेतल्यानें उद्यांचें संपत नाहीं. शिवाय कर्करोग्याची मात्रा पुष्कळदां संवयीनें नव्हे, तर रोग पसरल्यानेंच वाढते. आरंभींची मळमळ व गुंगी बहुधा थोड्या दिवसांत ओसरते; मलावरोध तेवढा ओसरत नाहीं, म्हणून सारक औषध पहिल्या दिवसापासूनच लागतें.

खेदाची गोष्ट ही, कीं शेजारच्या माळव्यांत, नीमच-मंदसोरकडे, सरकारी परवान्यानें अफू पिकते. पण 1985 च्या कायद्यानें कागदपत्रांचें असें जंजाळ उभें केलें, कीं पुष्कळ रुग्णालयांनीं मॉर्फिन ठेवणेंच सोडलें. 2014 सालीं तो कायदा सुधारला. अशा स्थितींत हातीं आलेलें औषध कपाटांत रहावें, हें आम्हांस पटत नाहीं.

तेव्हां भगिनींनीं मामंजींस हें वाचून दाखवावें आणि आज रात्रींच गोळी द्यावी. कळ असह्य होण्याची वाट न पाहतां, लिहून दिलेल्या वेळीं, घड्याळ पाहून. वेळा वहींत टिपाव्या. मात्रा मनानें वाढवूं नये. फार गुंगी आली किंवा श्वास मंद वाटला तर तत्काळ डॉक्टरांस कळवावें. गोळ्या कुलपांत असाव्या, आणि त्यांतली एकहि आजेसासूबाईंच्या गुडघ्यांसाठीं खर्च होऊं नये.