भीड चेपली पाहिजे



माणसाला जी अनेक भये ग्रासून असतात, त्यांत चारचौघांचे भय वरवर पाहता अगदी क्षुल्लक वाटते. वाघाचे भय, सापाचे भय माणूस उघडपणे सांगतो. परंतु सभेत उभे राहण्याचे, साहेबाच्या टेबलापुढे जाण्याचे, अनोळखी माणसाला प्रश्न विचारण्याचे भय तो कोणालाही सांगत नाही. तो म्हणतो, "मला वेळ नव्हता." तो म्हणतो, "तिथे जाऊन काय उपयोग?" आणि मग ग्रामसभेत न मागितलेले घरकुल दुसऱ्याच्या नावावर लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे अडला हे विचारायचे धैर्य न झाल्यामुळे मुलगी वसतिगृह सोडून घरी येते. तोंडी परीक्षेत उत्तर ठाऊक असलेला मुलगा खाली मान घालून उभा राहतो आणि त्याला उत्तर येत नव्हते असे समजले जाते. हे नुकसान कोणत्याही वहीत नोंदले जात नाही. राज्यघटनेने दिलेला हक्क कागदावर शाबूत असतो. तो मागणारा आवाज तेवढा घशात अडकलेला असतो.

अशा माणसाला आपण भिडस्त म्हणतो, बुजरा म्हणतो, आणि "त्याचा स्वभावच तसा" असे म्हणून विषय मिटवतो. आमचे स्पष्ट मत असे की, येथेच आपण चुकतो. काही मुले जन्मतःच थोडी अधिक संकोची असतात, हे मान्य केले पाहिजे. पण संकोच निराळा आणि आयुष्य अडवून धरणारी भीती निराळी. ही भीती बहुतांशी शिकलेली असते. आणि जे शिकता येते ते सरावाने विसरताही येते. मराठी भाषेला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. तिने भीड "चेपते" असा शब्दप्रयोग केला आहे. नवी वहाण जशी वापरून वापरून सैल होते, तशी भीड वापराने सैल होते.

ही भीती आपल्या घरांत कोणी शिकवली, याचे उत्तर शोधायला दूर जावयास नको. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, शाळेत त्यांना बसण्यासाठी वेगळे गोणपाट असे; शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. ज्या मुलाला आपल्या नुसत्या असण्याने इतरांस बाधा होते असे रोज दाखविले जाते, त्याच्या अंगात कोणती सवय मुरेल? आवाज खाली ठेवणे, नजर खाली ठेवणे, दाराबाहेर थांबणे. आपल्या आज्यापणज्यांनी ही सवय अंगी बाणवली ती भित्रेपणाने नव्हे. त्या काळी तोंड उघडणाऱ्याचे झोपडे जळत होते, आणि गप्प राहून त्यांनी लेकरे वाचवली. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु ज्या कारणासाठी ती सवय लागली ते कारण जेथे संपले, तेथेही ती आपण मुलाबाळांना वारसा म्हणून द्यावी काय?

मात्र ही भीती केवळ आपलीच आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. मोहनदास करमचंद गांधी हे दिवाणाचे चिरंजीव. १८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ते पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले, आणि त्यांना एकही प्रश्न सुचेना. डोके गरगरू लागले. खटला आपल्याच्याने चालवला जाणार नाही असे सांगून ते निघून गेले. ही हकीकत त्यांनीच आत्मचरित्रात दिली आहे. त्यांच्याशी असलेले आपले मतभेद जगजाहीर आहेत आणि ते येथे मिटवायचे नाहीत. आपण एवढेच ध्यानात घ्यावे की, उच्च कुळ आणि विलायती पदवी या दोन्ही गोष्टी जवळ असूनही घशाला कोरड पडते. म्हणून जो कोणी तुम्हाला सांगेल की बोलण्याची हिंमत रक्तात असते, त्याला हे उदाहरण अवश्य सांगा.

आता तथागतांकडे वळू. अंगुत्तर निकायाच्या नवक निपातात पाच भये सांगितली आहेत. उपजीविकेचे भय, अपकीर्तीचे भय, मरणाचे भय, मरणोत्तर दुर्गतीचे भय. आणि या चौघांच्या बरोबरीने परिससारज्जभय, म्हणजे परिषदेत, जमावात बुजून जाण्याचे भय. ज्या भयाला आपण लाजेखातर नावही देत नाही, त्याला बुद्धाने मरणाच्या भयाशेजारी बसविले. ज्याच्यापाशी प्रज्ञा, वीर्य, निर्दोष वर्तन आणि लोकसंग्रह ही चार बले आहेत तो या पाचही भयांच्या पार जातो, असे तेथे म्हटले आहे. या चौघांत कुळ नाही, रूप नाही, शुद्ध उच्चारही नाही.

याहून अधिक उपयोगी गोष्ट मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात आहे. जाणुस्सोणि नावाच्या ब्राह्मणाला भगवान आपल्या संबोधीपूर्वीचा अनुभव सांगतात. लोक ज्या ठिकाणांना घाबरत, अशा अरण्यातील चैत्यांपाशी ते अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा अशा रात्री मुद्दाम जाऊन राहिले. मोराने काटकी मोडली, वाऱ्याने पाचोळा सळसळला, की भीती येई. तेव्हा त्यांनी काय केले? चालत असताना भीती आली, तर ती ओसरेपर्यंत ते चालतच राहिले; थांबले नाहीत, बसले नाहीत. उभे असताना आली, तर उभेच राहिले. बसलेले असताना आली, तर बसूनच राहिले. भीती आली म्हणून त्यांनी आपली स्थिती बदलली नाही. कोणता मंत्र म्हटल्याचा किंवा कोणा देवाला शरण गेल्याचा तेथे उल्लेख नाही.

आजचे मानसशास्त्र याच ठिकाणी येऊन पोहोचले आहे. भीती वाटली की हृदय धडधडते, तळहात घामेजतात, आवाज कापतो. आपण तेथेच टिकून राहिलो तर ही लाट वर जाते आणि बहुधा आपोआप खाली येते. आपण पळालो तर तत्काळ सुटल्यासारखे वाटते. पण त्या सुटकेतच खरा तोटा आहे. मन असा धडा घेते की, पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. सभेला न जाणारा माणूस म्हणूनच वर्षानुवर्षे अधिकाधिक भित्रा होत जातो, एकदाही कोणी त्याचा अपमान केलेला नसताना.

दुसरी गोष्ट लक्षाची. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली असे मांडले की, चारचौघांना भिणारा माणूस लोकांकडे पाहतच नाही. तो आतल्या आत स्वतःला पाहत असतो. माझा आवाज कापतो आहे, माझा चेहरा लाल झाला आहे, मी वेडा दिसतो आहे. या कल्पनेलाच तो लोकांचे मत समजतो. मग बचावासाठी नजर खाली घालतो, पुटपुटतो, हातातला पेला घट्ट धरतो, वाक्य मनात दहादा घोकतो. या बचावांनीच तो अवघडलेला दिसतो. लोक खरोखर किती पाहतात? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र छापलेला सदरा घालून इतरांच्या खोलीत पाठविले. सदरा घालणाऱ्यांचा अंदाज असा की, निम्म्या लोकांनी तरी ते चित्र पाहिले असणार. प्रत्यक्षात सुमारे चौथाई लोकांच्याच ते ध्यानात आले होते. २००० साली हे प्रयोग प्रसिद्ध झाले. आपल्या छातीतली धडधड आपल्याला नगाऱ्यासारखी ऐकू येते. समोरच्या रांगेत ती पोहोचत नाही.

तेव्हा करायचे काय? एक साधी वही घ्या. तुम्हाला ज्या प्रसंगांची भीती वाटते ते सर्व तीत लिहा आणि सर्वांत हलका प्रसंग खाली, सर्वांत भारी वर, अशी त्यांची शिडी करा. कोणाची खालची पायरी एसटीच्या कंडक्टरला थांबा विचारण्याची असेल, कोणाची दुकानदाराकडून पावती मागून घेण्याची. मधल्या पायरीवर कचेरीत जाऊन "माझ्या अर्जाचे काय झाले?" हे विचारणे असेल. वरच्या पायरीवर ग्रामसभेत उभे राहून एक प्रश्न. पहिल्याच दिवशी वरच्या पायरीवर उडी मारू नये. तसेच खालच्या पायरीवर महिनाभर रेंगाळूही नये. एक पायरी पुन्हा पुन्हा चढावी. तिची भीती निम्म्यावर आली की पुढची. प्रत्येक वेळी जाण्यापूर्वी वहीत लिहावे, "काय होईल असे मला वाटते?" आणि परत आल्यावर लिहावे, "काय झाले?" लोक हसतील असे लिहिले होते, किती हसले? कारकून ओरडेल असे लिहिले होते, ओरडला काय? ओरडलाच असेल, तर त्यानंतर आपले नेमके काय बिघडले? ही दोन्ही टिपणे समोरासमोर ठेवल्यावर जे दिसते, ते कोणाच्याही व्याख्यानाने पटत नाही. अनुभवाने तपासून घ्या, ही तर आपल्या धम्माचीच शिस्त आहे.

बोलताना समोरच्या एका माणसाच्या चेहऱ्याकडे पाहा, आणि स्वतःच्या आवाजाऐवजी आपण काय मागत आहोत याकडे लक्ष द्या. श्वास सावकाश सोडल्याने हृदयाची गती काहीशी मंदावते, तोही उपाय करावा. परंतु श्वासाला भीती पळवून लावण्याचे हत्यार करू नये. आनापानसतीत श्वास जाणायचा असतो. भीती आहे, श्वास चालू आहे, आणि मी बोलतो आहे, एवढे पुरे. भीती संपल्यावर बोलू असे म्हणणारा कधीच बोलत नाही. काही बंधू लग्नात किंवा बैठकीत जाण्यापूर्वी धीर येण्यासाठी दोन घोट घेतात. ती उसनी हिंमत सकाळपर्यंत टिकत नाही, आणि पंचशीलाचे काय होते ते निराळेच.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. सर्वच भीती मनातली नसते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. तिच्या २००७ च्या अहवालात भेदभावाच्या तक्रारी नोंदल्या आहेत. वसतिगृहात आडनाव विचारून पुढचे बोलणे थांबत असेल, प्रवेशपरीक्षेतील क्रमांक विचारून नजर बदलत असेल, तर तुमच्या मुलाचे मन आजारी नाही. समोरचे वर्तन आजारी आहे. त्या ठिकाणी वही आणि श्वास पुरेसे नाहीत. साक्षीदार, तारीख, लेखी तक्रार, आणि गरज पडल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ही तिथली साधने आहेत. मात्र तक्रार लिहून द्यायलाही कोणीतरी कचेरीत उभे राहावेच लागते, हे विसरू नये.

आणि काही जणांची भीती या उपायांनी हटत नाही. मुलगा महिनोन् महिने घराबाहेर पडत नाही, शाळा सोडतो, जगणे नकोसे झाल्याचे बोलतो. हा आजार आहे, त्याला औषधे व उपचार आहेत, आणि तो बरा होऊ शकतो. त्याला बाहेरची बाधा म्हणून देवऋष्याकडे नेणे म्हणजे ज्या अंधारातून आपण बाहेर आलो त्यातच त्याला ढकलणे होय. जिल्हा रुग्णालयात न्यावे. ते दूर असेल तर केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ती विनामूल्य आहे, अहोरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते.

आता घराविषयी दोन शब्द. पाहुणे येतात, मुलीला विचारतात, "तुझे नाव काय गं?" आणि उत्तर आई देते. दुकानात मुलगा अडखळला की बाप पुढे होतो. हे प्रेम आहे, पण या प्रेमाने मूल मुके होते. तिला अडखळू द्या. उत्तर तिचे तिला देऊ द्या. मुलींच्या बाबतीत तर "जास्त बोलू नको" हा उपदेश अजून आपल्या घरांतून गेलेला नाही. १९४२ साली नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, आणि हजारो बाया तेथे जमल्या होत्या. त्या बायांनी ठराव मांडले. त्यांच्या पणतींना आपण पाहुण्यांसमोर गप्प बसवावे हे कसे शोभते?

भाषेची लाज हा आणखी एक अडसर. "आनी", "पानी" म्हटले तर लोक हसतील, म्हणून कितीतरी माणसे सभेत तोंडच उघडत नाहीत. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यानंतर आपल्या वस्त्यांतील बोलीला मराठी साहित्यात जागा मागावी लागली नाही, ती मिळाली. प्रमाण भाषा मुलांनी जरूर शिकावी, तिचा उपयोग आहे. पण ती येईपर्यंत हक्क थांबवून ठेवू नये. घरकुलाचा अर्ज बोलीतही मागता येतो.

या सर्व सरावासाठी आपल्यापाशी एक जागा आयतीच आहे, आणि ती म्हणजे विहार. वर्षावासात गावोगावी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते; पण बहुतेक ठिकाणी वाचणारा एकच असतो, दरवर्षी तोच, आणि बाकी सर्व हात जोडून ऐकतात. यंदा असे करून पाहा. रोजचे वाचन चार-पाच जणांत वाटून द्या. ज्या भगिनीला अक्षर जुळवून वाचावे लागते तिला चारच ओळी द्या, पण द्या. ज्याला वाचता येत नाही त्याने ऐकलेल्यातला एक प्रश्न उभा राहून विचारावा. मध्येच कोणी उच्चार सुधारू नये, कोणी हसू नये, आणि थांबला तर मागून शब्द पुरवण्याची घाई करू नये. तो स्वतः पुढे जाईपर्यंत सभेने थांबावे. पहिल्या दिवशी नकार येतील. त्यांना सोडू नका. उद्याचे पान कोणाकडे, हे आजच्या वाचनानंतर लगेच ठरवून घ्या, आणि नाव फळ्यावर लिहा.