जागल्याची राखण कोणी करायची?

बुधवार, ३१ जुलै २०२४. महिनाअखेरीचा दिवस. त्या दिवशी देशातील सुमारे ३०० सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँकांच्या खातेदारांना एटीएममधून पैसे मिळेनात आणि यूपीआयने दुकानदाराचे देणे चुकते होईना. बँका बुडाल्या नव्हत्या. तिजोऱ्याही शाबूत होत्या. या बँकांना संगणकीय सेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेत खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरले होते, आणि संसर्ग पुढे पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिचा आपल्या जाळ्याशी असलेला संबंध तात्पुरता तोडला होता. दुसऱ्या दिवशी तो पूर्ववत झाला. देशाच्या एकूण देवघेवीत या बँकांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का, असे तेव्हा वृत्तसंस्थांनी कळविले होते. मुंबईत बसून पाहिले तर अर्धा टक्का किरकोळच. पण पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी ज्याचे एकुलते एक खाते अशा बँकेत आहे, त्याच्या लेखी तो शंभर टक्के असतो.

चोर शिरला कोठून? बंगळुरूच्या क्लाउडसेक या संगणक-सुरक्षा कंपनीने काढलेला निष्कर्ष असा की, प्रवेश सी-एजच्या दारातून झालाच नाही. सी-एजबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचा जेन्किन्स नावाचा सर्व्हर नीट बंदोबस्तात नव्हता. तेथून वाट मिळाली. जेन्किन्स हे सॉफ्टवेअरची बांधणी व वाटप आपोआप करणारे, ब्राउझरच्या पानावरून चालविले जाणारे साधन आहे. त्यातील दोष ऐकावयास क्षुल्लक वाटतो. आज्ञा देताना '@' हे चिन्ह लिहून पुढे एखाद्या फाइलचे नाव घातले, की सर्व्हर त्या फाइलीतील मजकूर विचारणाराच्या हाती ठेवीत असे. विचारणारा अनोळखी असला तरी निदान पहिल्या काही ओळी त्याला वाचावयास मिळत. हा दोष आणि तो बुजविणारा पॅच, दोन्ही २४ जानेवारी २०२४ रोजी एकाच वेळी जाहीर झाले होते. पॅच फुकट होता. बँका बंद पडल्या त्या त्यानंतर सहा महिन्यांनी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पॅच म्हणजे ठिगळ; पण कापडाला ठिगळ लावले तर ती शिंप्याची आणि गिऱ्हाइकाची खासगी बाब असते. सॉफ्टवेअरचे ठिगळ जाहीर करावे लागते, आणि ते जाहीर करणे म्हणजे भिंत कोठे पोकळ आहे हे दवंडी पिटून सांगणे होय. ती दवंडी घरमालकाइतकीच चोरालाही ऐकू जाते. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एक भगदाड बुजविले; १२ मे रोजी त्याच भगदाडातून 'वॉनाक्राय' जगभर पसरले आणि ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. म्हणजे पॅच निघाल्यावर धोका कमी होत नाही, ज्याने तो लावला नाही त्याचा वाढतो.

त्यातही दुसऱ्या यंत्रांवर देखरेख करणाऱ्या वा त्यांना आज्ञा देणाऱ्या सॉफ्टवेअरची गोष्ट अधिक नाजूक. खान्देशात पांझरेकाठच्या फडपद्धतीत पिकाची राखण करणाऱ्यास जागल्या म्हणत. संगणकांच्या जगातही जागल्ये आहेत. कोणता सर्व्हर तापला, कोणत्या तारेवर ताण आला, हे ते एका पानावर दाखवितात. आणि त्यासाठी त्यांना सर्वत्र संचार असतो. कॅक्टाय हे असेच देखरेखीचे, जगभर वापरले जाणारे सॉफ्टवेअर. डिसेंबर २०२२ मध्ये त्यातील जो दोष उघडकीस आला, तो असा की बाहेरच्याने 'मी याच घरचा' अशी खोटी ओळख पाठविली तर ती खरी मानली जाई, आणि मग परवलीच्या शब्दावाचून त्या यंत्रावर हवी ती आज्ञा चालविता येई. शेतात शिरण्यासाठी चोराला कुंपण तोडावयास नको. जागल्याचे घोंगडे पांघरले की पुरे.

मग फुकटचा पॅच सहा-सहा महिने का लागत नाही? यास आळस हे उत्तर पुरेसे नाही. नवे संगणक घेतले की ते डेडस्टॉकमध्ये दिसतात, ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूस बसतात, नारळ फुटतो, संचालक मंडळाचे छायाचित्र छापून येते. पॅच लावण्याचा खर्च नफा-तोटा पत्रकात कोठेतरी 'दुरुस्ती व देखभाल' या शीर्षकाखाली विरघळून जातो. तो लावणारा मनुष्य रात्री दोनला, व्यवहार थांबवून, काम करतो. सर्व सुरळीत झाले तर कोणाला पत्ताही लागत नाही, आणि बिघडले तर सकाळी शाखाधिकारी त्याचे नाव घेऊन फोन करतो. ज्या कामाचे यश अदृश्य आणि अपयश तेवढे दृश्य, ते पुढे ढकलले जाते यात नवल नाही.

शिवाय येथे खर्च एकाचा आणि नुकसान दुसऱ्याचे आहे. सर्व्हर एका कंपनीचा, सेवा दुसऱ्या कंपनीची, करार बँकेचा, आणि एटीएमपुढे ताटकळला तो ज्याचे नाव यांपैकी एकाही कागदावर नाही असा खातेदार. पॅच न लावून जी बचत होते ती पहिल्याच्या खिशात राहते. बाजार आपोआप हा हिशेब दुरुस्त करील, अशी अपेक्षा बाळगणे भाबडेपणाचे आहे.

पॅच घाईने लावणेही धोक्याचे असते, हा आक्षेप खोटा नव्हे. वरील घटनेच्या अवघे १२ दिवस आधी, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक या पहारेकरी सॉफ्टवेअरच्याच एका सदोष सुधारणेने जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले; आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. परंतु यातून निघणारा धडा 'पॅच लावू नका' असा नाही. आधी एका बाजूच्या यंत्रावर लावून पाहावा, मग सर्वत्र, असा तो आहे. अर्थात त्यासाठी ते जादा यंत्र हवे, ते चालविणारा मनुष्य हवा. म्हणजे पुन्हा खर्चच आला.

हा खर्च लहान बँकेने एकटीने करणे अवघड आहे, हे मान्य करावयास हवे. म्हणूनच तर ३०० बँका एका कंपनीच्या छत्राखाली गेल्या. नागरी सहकारी बँकांसाठी २ मार्च २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या शिखर संस्थेचाही संगणक-सेवा एकत्रितपणे पुरविणे हा एक हेतू आहे. तो योग्यच, पण एकत्र येण्याने जसा खर्च वाटला जातो तशी फटही वाटली जाते. फडातील शेतकऱ्यांना हे ठाऊक होते. बंधारा सामाईक, म्हणून पाटातला गाळ काढणेही सामाईक, आणि पाटकरी व जागल्या यांच्या मेहनतान्याचा भारही सर्वांवर. आपल्याकडे बंधारा तेवढा सामाईक झाला. गाळ कोणी काढला हे विचारण्याचा हक्क कोणाकडेच राहिला नाही.

रिझर्व्ह बँक गप्प बसली होती असे नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटींहून अधिक रुपये संगणकाद्वारे लुटले गेले. त्यानंतर ऑक्टोबर २०१८ आणि डिसेंबर २०१९ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सुरक्षिततेचे नियम आले. परंतु संगणकीय कामे बाहेर देण्याबाबतचे जे सविस्तर निर्देश एप्रिल २०२३ मध्ये निघाले, त्यांतून प्रादेशिक ग्रामीण बँका आणि पहिल्या दोन स्तरांतील नागरी सहकारी बँका वगळण्यात आल्या होत्या. लहानांवर बोजा नको, हा त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. पण ज्यांचे जवळजवळ सर्वच संगणकीय काम बाहेरच्याच्या हाती, त्यांनाच मोकळे सोडावयाचे, हे अजब म्हटले पाहिजे.

सहकारी बँकेचा सभासद केवळ ग्राहक नसतो, मालकही असतो. वार्षिक अहवालात थकीत कर्जाचा आकडा असतो. त्याच्या शेजारी थकीत पॅचचाही असावयास काय हरकत आहे? गंभीर दोषांवरील किती पॅच लावावयाचे राहिले, सर्वांत जुना किती दिवसांपासून राहिला, सेवा देणाऱ्या कंपनीशी केलेल्या करारात त्याची मुदत किती, आणि त्या कंपनीच्या मागे आणखी कोणत्या कंपन्या उभ्या आहेत, एवढी चार उत्तरे अर्ध्या पानात मावतील. दोष कोणता आणि तो कोणत्या यंत्रावर, हे छापण्याचे कारण नाही; चोराला मदत होईल असे त्यात काही नसावे.

सहकारी बँकांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात आणि बहुतेक बँका सभेच्या सूचनेतच सभासदांकडून लेखी प्रश्न मागवितात. आजवर त्या प्रश्नांत लाभांशाचा दर असतो, आणि सभासदांना यंदा भेटवस्तू कोणती, हेही असते. पाचोरा-जळगावातील शिक्षक आणि कारकून यांना अर्ज लिहिण्याची सवय आहेच. पुढील सूचना हाती येईल तेव्हा त्याच कागदावर हे चार प्रश्न लिहावयास एक ओळ जागा जास्त लागेल.