गोड शेवटाची मागणी कोणाची?

मराठी कादंबरीविषयी एक तक्रार अलीकडे वारंवार कानी येते, आणि खेदाची गोष्ट अशी की, ती आपल्या चळवळीतील मंडळींकडूनही येते. कादंबऱ्यांचे शेवट दुःखी असतात, नाही तर अधांतरी असतात. नायक मरतो किंवा कोठे जातो तेच कळत नाही. वाचकाच्या हाती काय लागते? मग साक्षीला उभा केला जातो तो कोपर स्थानकावरचा माणूस. कल्याण-डोंबिवलीहून आधीच खच्चून भरून आलेल्या गाडीत जो दाराशी लोंबकळत मुंबई गाठतो, त्याने रात्री घरी परतल्यावर पुन्हा दुःखच वाचावे काय? त्याला दिलासा द्या, लढण्याची उमेद द्या, असा हा आग्रह.

युक्तिवाद कनवाळू दिसतो. वस्तुतः तो कष्टकरी वाचकाचा अपमान आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून माणसे पडून मेली. दुसऱ्या दिवशी त्याच रुळांवरून कोपरचा माणूस कामावर गेला. पुस्तकातला मृत्यू त्याला सोसवणार नाही, हे परस्पर ठरविणारे आपण कोण?

या वादाचा निवाडा मराठी कादंबरीने स्वतःच केव्हाच देऊन ठेवला आहे. आपल्याकडे दोन यमुना होऊन गेल्या. पहिली बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटना’तली. नवऱ्याबरोबर प्रवास करताना ती ठिकठिकाणच्या विधवांच्या हालअपेष्टा पाहते, पुढे स्वतः विधवा होते, आणि अखेरीस ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. शेवट सुखाचा. पदमनजींच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. विधवांची दुःखे त्यांनी ज्या धैर्याने मांडली त्याचे मोल मोठेच आहे. परंतु तो विवाह कथेतून उगवलेला नाही, लेखकाच्या मतातून उगवला आहे. वाटेत भेटलेल्या बाकीच्या विधवा जिथल्या तिथे राहिल्या, आणि पुस्तक मात्र समाधानाने मिटले.

दुसरी यमुना हरिभाऊ आपट्यांची. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही तिची कहाणी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. संमतिवयाच्या वादाने महाराष्ट्र ढवळून निघाला होता, तेच हे दिवस. समजूतदार नवरा, मुंबईतले मोकळे बिऱ्हाड, लिहिणे-वाचणे, एवढे सारे तिला देऊन हरिभाऊ ते काढून घेतात. नवरा जातो, सासरच्या घरात बळजबरीने तिचे केशवपन होते, आणि ती मरते. हरिभाऊ पक्के सुधारक होते. पुनर्विवाहाचा मंगल शेवट त्यांना सुचला नसेल असे मानणे हास्यास्पद होय. त्यांनी तो दिला नाही, कारण बाहेरच्या समाजाने तो यमुनेसारख्यांना दिलेला नव्हता. शीर्षकच मुळी प्रश्न आहे, आणि पुस्तक संपल्यावर तो वाचकाच्या गळ्यात पडतो. लग्न लावून दिले असते तर लक्षात घ्यायला उरले काय असते?

चळवळीच्या लेखकाने तरी आशा दाखवावी, असे म्हणणाऱ्यांनी अण्णा भाऊ साठ्यांकडे पाहावे. ते तर लाल बावट्याचे शाहीर. परंतु १९५९ सालच्या ‘फकिरा’त त्यांनी विजयाची मिरवणूक काढलेली नाही. ओलीस धरलेल्या आपल्या माणसांसाठी फकिरा स्वतःला सरकारच्या स्वाधीन करतो. ते वाचून कोणाची उमेद खचली, हे आक्षेपकांनी एकदा सांगावेच.

अर्थात प्रत्येक दुःखान्त प्रामाणिक असतो, असा याचा अर्थ नव्हे. दुःखाचीही मिठाई होते, आणि तिचा खप बरा असतो. सारा दोष नियतीच्या माथी मारून चार पात्रे मारणारी, वाचकाला रडवून हलके करणारी कादंबरी ही गोड शेवटाचीच सख्खी बहीण. यमुनेच्या मरणाला नियती जबाबदार नाही. तिचा छळ करणारी माणसे आणि त्यांना बळ देणारी रूढी नावानिशी समोर उभी आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) दुष्काळाने ओस पडते. तिथे रडारड नाही आणि तोडगाही नाही.

खरी अडचण वाचकाची नाहीच, ती आपली आहे. स्वतःचे पराभव मोजण्याचे आपण टाळतो आणि लेखकाने ते भरून काढावेत अशी अपेक्षा धरतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद झाल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे चढले, आणि कित्येक कुटुंबे लालबाग-परळ सोडून दिवा, कोपर, डोंबिवलीकडे सरकली. या संपावरच्या कादंबरीत शेवटच्या प्रकरणी निशाण फडकावे, अशी सूचना लेखकाला करण्याआधी कोपरच्या एखाद्या चाळीत जाऊन जुन्या गिरणी कामगाराला एवढेच विचारून यावे, की तुमचा संप नेमका कधी संपला?