दिवा दिला, मोटार कुठं आहे?

साथींनो,

दिवाळी झाली की आपल्यातली कितीतरी घरं कोयता घेऊन बाहेर पडतात. या हंगामात आपली एक टोळी सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यात ऊस तोडायला होती. उचल किती, कापली किती, मुकादमानं काय केलं, तो हिशेब वेगळा मांडावा लागेल. आज बोलायचं आहे ते विजेबद्दल.

आपण तोडलेला ऊस कारखान्यात जातो. रसाची साखर होते. उरलेलं चिपाड, ज्याला तिथं बगॅस म्हणतात, ते बॉयलरमध्ये जळतं. त्या वाफेवर जनित्र फिरतं आणि वीज तयार होते. सोलापूर जिल्ह्यातले बरेच कारखाने स्वतःला पुरून उरलेली वीज विकतात. म्हणजे ही वीज आपल्या कोयत्यापासून सुरू होते. आणि आपल्या बाया कोपीत बॅटरीच्या उजेडात भाकरी थापतात. पाड्यावर परत आलो की तिथंही तोच अंधार.

पण मोहोळला आपल्या माणसांनी आणखी एक गोष्ट पाहिली. बाजाराच्या दिवशी पेठेतून चालत जा आणि मोटारी मोजा. पिठाची गिरणी एका मोटारीवर. मिरची कांडप एका मोटारीवर. शेवयांचं यंत्र, रसवंती, वेल्डिंगचं दुकान, शिंप्याचं मशीन, पंक्चरवाल्याचा हवेचा पंप, प्रत्येकाची एक मोटार आणि प्रत्येकीवर एक घर जगतं. पुढं सोलापूर शहरात गेलं तर चादरी अन् टॉवेलचे यंत्रमाग खडखडताहेत, तेही विजेवरच. ही माणसं काही आपल्यापेक्षा जास्त कष्ट करत नाहीत. त्यांच्या कष्टाला मोटारीची जोड आहे, आपल्या कष्टाला नाही. एवढाच फरक.

आता सरकारचं ऐका. 28 एप्रिल 2018 ला देशातल्या प्रत्येक गावात वीज पोचली असं जाहीर झालं. मग आपले पाडे कुठल्या देशात आहेत? गोम अशी की सरकारच्या व्याख्येप्रमाणे गावात रोहित्र आणि तार आली, शाळा-दवाखान्यासारख्या ठिकाणी वीज गेली आणि शंभरातल्या दहा घरांत दिवा लागला, की ते गाव ‘विद्युतीकृत’. नव्वद घरं अंधारात असली तरी कागदावर उजेड.

सौभाग्य योजनाही आली. जिथं तार नेणं अवघड, तिथं 200 ते 300 वॉटचा सौर संच: पाच दिवे, एक पंखा, एक प्लग. दिवा आला त्याचा आनंद आहे. पोरं अभ्यास करतात, साप-विंचू दिसतो. दिवा नको असं आम्ही म्हणत नाही. पण हिशेब करा. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॉट. साडेसात हॉर्सपॉवरची गिरणी घातली तर साधारण 5,600 वॉट लागतात. पंचवीसेक घरांचे संच एकत्र बांधावे तेव्हा कुठं एक गिरणी, तीही ऊन असेल तर. म्हणजे जो दिवा आपल्याला दिला, तो बघायला दिला. त्यावर कमवायची सोय ठेवली नाही.

म्हणून आपण काय करतो? मोहाच्या बिया कच्च्या विकतो आणि बाजारातून तेलाची पिशवी आणतो. चारोळी दगडावर फोडतो. नागली जात्यावर दळतो, नाहीतर डोक्यावर घेऊन दोन कोस गिरणीला जातो. त्यात बाईचा दिवस जातो. माल आपल्या जंगलातला, आणि त्याचा भाव वाढतो तो दुसऱ्याच्या मोटारीवर.

कायदा मात्र वेगळं सांगतो. वनहक्क कायदा 2006 प्रमाणे गौण वनउपजाची मालकी आपली आहे. नियमांत स्पष्ट लिहिलंय की एकट्यानं किंवा मिळून त्यावर प्रक्रिया करणं, साठवणं, त्याची किंमत वाढवून विकणं, हा सगळा त्या हक्काचाच भाग आहे. पण प्रक्रिया करायची कशानं? हातानं? हक्क दिला आणि मोटार अडवली, तर हक्क अर्धाच राहिला.

वीज मागायला गेलं की तीन उत्तरं मिळतात. तिन्हीची उत्तरं आपल्याकडे आहेत.

पहिलं: ‘जंगल मध्ये येतं, वनखात्याची परवानगी नाही.’ खोटं. त्याच कायद्याचं कलम 3(2) वाचा. शाळा, दवाखाना, रस्ता अशा तेरा सोयींत विजेची तारही आहे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि शिफारस ग्रामसभेची. रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची तार 31 डिसेंबर 2013 ला जोडली गेली आणि दक्षिणेचं वीजजाळं बाकी देशाला मिळालं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात तार जाते, आपल्या नाल्यापलीकडे का जात नाही?

दुसरं: ‘सातबारा आणा.’ वीज कायदा 2003 च्या कलम 43 मध्ये ‘मालक किंवा भोगवटादार’ असे शब्द आहेत. आपण भोगवटादार आहोत. कसतो, राहतो, दावा दाखल आहे किंवा हक्काचा दाखला हातात आहे. अर्ज केल्यावर महिन्यात वीज द्यायची आहे. नवी तार ओढायची असेल किंवा पाड्यावर वीज मुळीच नसेल तर मुदत वाढते, पण जबाबदारी संपत नाही. मुदत मोडली तर दिवसाला हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तोंडी विचारून परत येऊ नका. लेखी अर्ज, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

तिसरं: ‘पाड्यावर विजेला मागणीच नाही, खांब परवडत नाहीत.’ मागणी नाही म्हणून तार नाही, आणि तार नाही म्हणून मागणी नाही. हे चक्र आपण नाही लावलं. आधी थ्री फेज द्या, गिरणी आणि तेलघाणा बसू द्या, मग मीटर बघा.

आपल्यातलेही काही म्हणतात, वीज आली की मागोमाग व्यापारी येईल, तोच गिरणी टाकेल, आपण पुन्हा गिऱ्हाईकच. ही भीती खरी आहे. ज्याच्याकडे भांडवल, त्याची मोटार. मोहोळला उसातही वीज आहे, रस्त्यावरही वीज आहे, तरी ऊसतोड्या ऊसतोड्याच राहिला. म्हणून नुसती तार मागून भागणार नाही. वीजजोड ग्रामसभेच्या किंवा बायांच्या बचत गटाच्या नावावर पाहिजे. दळणाचा दर ग्रामसभा ठरवेल, पैशाचा हिशेब सगळ्यांसमोर वाचला जाईल, आणि बिल वेळेवर भरायचं हेही आपणच बघायचं. थकबाकीनं तार कापली गेली तर दोष दुसऱ्याला देता येणार नाही.

तर या महिन्यात प्रत्येक पाड्यानं ग्रामसभा बोलवावी. निम्मी माणसं हजर पाहिजेत, त्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत, नाहीतर ठराव टिकत नाही. ठरावात तीन गोष्टी लिहा: तार कुठून येईल, जंगलाची किती जमीन लागेल, आणि थ्री फेजवर काय चालवणार. ‘वीज मिळावी’ एवढंच लिहाल तर पुन्हा पाच दिवे देतील. ‘भात सडायला, नागली दळायला, मोहाचं तेल काढायला’ असं लिहा. एक प्रत वनखात्याला, एक वीज कार्यालयाला, एक कलेक्टरला, आणि एक संघटनेकडे.

पुढच्या दिवाळीला किती कोयते घराबाहेर निघतात, त्यावरून कळेल आपण खरंच मोटार मिळवली की नुसता दिवा.

जिंदाबाद!