भरवसा मोजणाऱ्यांनी भत्ताही पाहावा

प्रा. महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली. चार घरे विचारून शंभरांची स्थिती सांगण्याचे शास्त्र तिथे वाढले. पाहणीला आमचा विरोध नाहीच.

रिझर्व्ह बँक ग्राहकाचा भरवसा मोजते. कोलकाता, मुंबई, नागपूर धरून १९ शहरांतील कुटुंबांना एकूण आर्थिक स्थिती, रोजगार, भाव, मिळकत व खर्च विचारला जातो. सुधारले म्हणणाऱ्यांच्या टक्क्यांतून बिघडले म्हणणाऱ्यांचे टक्के वजा करून त्यात १०० मिळवतात. या पाचांची सरासरी १०० च्या खाली गेली की निराशा जास्त. मे २०२१ मध्ये हा निर्देशांक ४८.५ वर घसरला. तोवरचा तो नीचांक होता.

तेव्हा आमच्या घरी काय होते? जानेवारी २०२० पासूनचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते सरकारने गोठवले होते. १ जुलै २०२१ पासून भत्ता १७ वरून २८ टक्के झाला. मधल्या १८ महिन्यांची थकबाकी मात्र आजतागायत मिळालेली नाही. गाड्या आणि टपाल आम्हीच चालू ठेवले, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

त्याच काळात शाळा मोबाइलवर भरू लागली. कोलकात्याच्या चांदनी चौकात काय नि दादरला काय, फोन घ्यावाच लागला. अनेकांनी तो हप्त्याने घेतला. दुकानदाराच्या वहीत ती विक्री झाली. तिला ग्राहकाचा भरवसा म्हणणे ही कामगाराची थट्टा आहे.

शाखांनी सभासदांकडून फोनची किंमत, हप्ता व काढलेले कर्ज लिहून घ्यावे. थकबाकीच्या मागणीला तो कागद जोडायचा आहे.