मिसरातील कांद्यांची आठवण

फणसवाडीत गोमंतकीय मंडळी बाप्तिस्मा-लग्नाच्या निमित्ताने एकत्र आली, की जेवणानंतर कोणीतरी वडीलधारा हटकून एक वाक्य उच्चारतो: ‘सालाझारच्या राज्यात रात्री दाराला कडी लावावी लागत नव्हती.’ माना डोलतात आणि विषय संपतो. आम्हांला मात्र वाटते, की विषय तेथेच सुरू व्हायला हवा.

दाराला कडी नव्हती, हे आम्ही मान्य करू. तोंडाला होती, तिचे काय? 1932 साली सालाझार पंतप्रधान झाले आणि 1933 च्या संविधानाने त्यांची हुकूमशाही पक्की केली. गोव्यात वृत्तपत्राची ओळ सेन्सॉरच्या हाताखालून गेल्याशिवाय छापता येत नसे. 1946 च्या 18 जूनला मडगावात डॉ. लोहियांनी सभाबंदी मोडली. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना अटक झाली. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात पाठविले.

स्वस्ताईचेही गोडवे गायिले जातात. पन्नाशीच्या दशकात लोहखनिजाच्या निर्यातीमुळे गोव्यात पैसा खेळला, हे खरे. परंतु घरी एवढे सुख होते, तर धोबीतलाव-गिरगावच्या कुडी कोणामुळे भरल्या? गावागावाच्या नावाने चालणाऱ्या त्या खोल्यांत भिंतीलगत ट्रंका मांडून आणि वेदीपुढे रोझरी म्हणून आमच्या खलाशांनी, आचाऱ्यांनी, वादकांनी आयुष्ये काढली. कुडींची प्रथा सालाझारहून जुनी आहे. पण त्यांच्या तीन दशकांत ती ओस पडली नाही, हे पुरेसे बोलके आहे. भारताच्या नाकेबंदीने पुढे मुंबईतला मुलगा आणि गावची आई यांची ताटातूट केली. ती व्यथा खरी आहे आणि तिच्याविषयी बोललेच पाहिजे. मात्र ती हुकूमशाहीच्या बाजूचा पुरावा ठरत नाही.

‘काही म्हणा, तो श्रद्धावान कॅथलिक होता,’ हा शेवटचा युक्तिवाद. होय, त्यांचे शिक्षण सेमिनरीत झाले आणि 1940 साली त्यांच्या सरकारने व्हॅटिकनशी करार केला. परंतु 1958 साली पोर्तोचे बिशप आंतोनियो फेरेइरा गोमिश यांनी गरिबांची बाजू घेऊन त्यांना पत्र लिहिले, तेव्हा काय घडले? 1959 पासून 1969 पर्यंत त्या बिशपांना स्वदेशाबाहेर राहावे लागले. ज्या राजवटीला एका बिशपांचे पत्र सोसवले नाही, तिला श्रद्धेची राखणदार कोणत्या तोंडाने म्हणावे? गोव्यात सत्याग्रहींना छळणारा पोलीस अधिकारी काझिमिरो मोंतेरो हाच पुढे 1965 साली सालाझारविरोधक जनरल देल्गादो यांचा मारेकरी ठरला. वरवंटा एकच होता. पोर्तुगीज माणूसही त्याखाली भरडला गेला. आणि गोव्यातील चर्चच्या वरिष्ठ वर्तुळातून निषेधाचा सूर क्वचितच उमटला, हेही आपणच कबूल केले पाहिजे.

जे आम्हांला आजही ‘पोर्तुगिजांचे उरलेले’ म्हणून हिणवतात, त्यांनाही चार नावे सांगायला हवीत. 1930 साली विधिमंडळात स्वयंनिर्णयाचा हक्क मागणारे मिनेझिस ब्रागांझा, 1959 ते 1970 तुरुंगात काढलेले तेलो मास्कारेन्यस, 1955 पासून 1961 पर्यंत सीमेवरच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालविणाऱ्या लिबिया लोबो आणि स्वतः कुन्हा. ही सारी ख्रिस्ती घरांतील माणसे. तुरुंगानंतर कुन्हा मुंबईला आले, येथून ‘फ्री गोवा’ काढत राहिले आणि मुक्तीच्या तीन वर्षे आधी, 1958 साली, याच शहरात वारले. फणसवाडीच्या किती मुलांना त्यांचे नाव ठाऊक आहे?

2007 साली पोर्तुगीज दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात ‘सर्वश्रेष्ठ पोर्तुगीज’ म्हणून 41 टक्के मते सालाझारना पडली. याउलट पेनिशच्या त्याच किल्ल्यात आज प्रतिकार आणि स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय उभे आहे. तेथेही वाद मिटलेला नाही. पण निदान पुरावे जपले गेले. आपण काय जपले? कुडींच्या जुन्या वह्या, सीमेपलीकडून आलेली पत्रे, प्रवासाचे परवाने माळ्यावर कसरीच्या तोंडी पडले आहेत. 1961 साली विशीत असलेले आज ऐंशी ओलांडून गेले.

रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना मिसरातील कांदे-लसूण आठवले, विटांची सक्ती आठवली नाही. आमचे वाचकांना एवढेच सांगणे आहे: पुढच्या वेळी घरातील वडीलधारा दाराच्या कडीविषयी बोलू लागला, की मान डोलावून उठू नका. वही घेऊन जवळ बसा आणि विचारा, ‘आजोबा, तेव्हा कोणती गोष्ट मोठ्याने बोलायची भीती वाटायची?’